थायरॉईडची गोळी चालू असताना वजन का उतरत नाही?

ताई, तुमच्या पत्रातील माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय ४२, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ७१ किलो आहे. पाच वर्षांपूर्वी वजन ६२ किलो होते. तीन वर्षांपूर्वी थकवा, बद्धकोष्ठ आणि केस गळणे यांसाठी तपासणी केली तेव्हा टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारे हार्मोन) १४ निघाला आणि वजन ७० भरले. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड ग्रंथीच्या हार्मोनची, गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांत ते ६८ झाले आणि पुढे हळूहळू ७१ वर गेले. सध्या ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. गेल्या दीड वर्षात डोस तोच असताना टीएसएच २.९, ७.४ आणि ३.१ असा आला. वर्षभर रोज चाळीस मिनिटे चालता, सोमवार-गुरुवार उपवास करता, कोबी-फ्लॉवर बंद केले आहेत, तरी काटा हलत नाही. डोस १०० केला तर वजन उतरेल का, आणि "थायरॉईड असल्यावर वजन कमी होतच नाही" असे घरातले म्हणतात ते खरे आहे का, हे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. थायरॉईडचा विकार असलेल्या व्यक्तीचे वजन कमी होते. गोळीने टीएसएच योग्य मर्यादेत आल्यावर ते इतरांना लागतात त्याच कष्टांनी आणि जवळपास त्याच वेगाने कमी होते. हार्मोनच्या विकारांचे रुग्ण गेली अनेक वर्षे तपासताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही. "कमी होतच नाही" ही समजूत मात्र रुग्णाचे खरे नुकसान करते, कारण ती एकदा रुजली की ताटाकडे, झोपेकडे आणि हालचालीकडे पाहण्याचे कारणच उरत नाही आणि सगळी आशा गोळीच्या डोसावर येऊन थांबते. त्याचबरोबर हेही सांगायला हवे की "तुम्ही जास्त खात असाल" एवढेच म्हणून रुग्णाला परत पाठवणारे डॉक्टरही चूक करतात. तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. तिची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतली निदान दोन कारणे तुमच्याच पत्रात लिहिलेली आहेत.

थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की विश्रांतीच्या वेळचा शरीराचा ऊर्जाखर्च घटतो, हे खरे आहे. परंतु त्यामुळे जे वजन वाढते त्यात चरबीचा वाटा लोक समजतात तेवढा मोठा नसतो. हार्मोन कमी पडल्यावर त्वचेखाली आणि इतर ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारी द्रव्ये साचतात, मूत्रपिंडाकडून पाणी बाहेर टाकण्याचा वेग मंदावतो, आणि चेहरा, पापण्या, हातपाय भरल्यासारखे दिसू लागतात. बोटाने दाबली तरी खड्डा न पडणारी ही सूज आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी नव्याने निदान झालेल्या काही रुग्णांची शरीररचना गोळी सुरू करण्यापूर्वी आणि वर्षभरानंतर मोजली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्ण थोडे होते, तरी निष्कर्ष स्पष्ट होता: वजन सरासरी चार किलोंच्या आसपास उतरले, पण चरबी जवळजवळ तेवढीच राहिली, गेले ते मुख्यतः पाणी होते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशन रुग्णांना जो आकडा सांगते तोही याच्याशी जुळतो. थायरॉईडमुळे वाढणारे वजन, विकाराच्या तीव्रतेनुसार, साधारण अडीच ते साडेचार किलोंचे असते.

हे तुमच्या आकड्यांना लावून पाहा. टीएसएच १४ असताना वजन ७० होते आणि गोळीनंतर चार महिन्यांत ६८ झाले. ते दोन किलो बहुधा थायरॉईडचे होते आणि ते गेले. पाच वर्षांपूर्वीच्या ६२ पासून ६८ पर्यंतचे सहा किलो आणि त्यानंतर चढलेले तीन किलो यांचा हिशोब थायरॉईडच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि म्हणून तो थायरॉईडच्या गोळीने फिटणारही नाही. निदान ज्या सुमारास होते त्याच सुमारास वजनही वाढलेले असते, त्यामुळे एकाचे कारण दुसरे असे मनात पक्के बसते, हे मी समजू शकतो. पण दोन्ही गोष्टी आपल्याकडे मुळातच फार सर्रास आहेत. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचे थायरॉईड कमी आढळले होते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास एक चतुर्थांश स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. इतक्या सर्रास असलेल्या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच व्यक्तीत एकत्र येणे अगदी साहजिक आहे.

तुमच्या पत्रात मला वजनापेक्षाही टीएसएचचे ते तीन आकडे अधिक महत्त्वाचे वाटले. डोस न बदलता टीएसएच २.९ वरून ७.४ वर जातो आणि पुन्हा ३.१ वर येतो, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की गोळी रोज घेतली जात असली तरी ती रोज सारखी शोषली जात नाही. रक्तातील थायरॉक्सिन थोडेसे कमी-जास्त झाले तरी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच कित्येक पटींनी बदलते, म्हणून हा आकडा गोळीच्या शिस्तीची चांगली परीक्षा घेतो. तुम्ही लिहिले आहे की सकाळची शाळा असल्यामुळे सहाला गोळी, दहा मिनिटांत चहा, आणि पावणेसातला नाश्त्याबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली लोह आणि कॅल्शियमची गोळी घेता. अडचण इथेच आहे. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. दुधाचा चहा, कॉफी, सोयाबीनचे पदार्थ आणि पित्तासाठी रोज घेतली जाणारी गोळी यांमुळेही शोषण घटते. सुट्टीत तुम्ही उशिरा नाश्ता करता तेव्हा अंतर आपोआप वाढते आणि टीएसएच सुधारतो, शाळा सुरू झाली की पुन्हा बिघडतो, असे तुमच्या बाबतीत घडत असण्याची शक्यता मला मोठी वाटते. तिन्ही रिपोर्टांच्या तारखा शाळेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा.

उपाय साधा आहे, पण तो कसोशीने पाळावा लागतो. गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा, डोळे उघडताच नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्या आणि त्यानंतर निदान पाऊण तास चहासुद्धा नको. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर आणि कॅल्शियमची रात्री, अशी विभागणी तुमच्या डॉक्टरांना सांगून करून घ्या. रात्री झोपताना थायरॉक्सिन घेतले तरी चालते, मात्र जेवणानंतर तीन तास गेलेले असावे लागतात, आणि आपल्या घरांत साडेनऊला जेवून साडेदहाला अंथरूण घातले जात असल्यामुळे हा पर्याय फार थोड्यांना जमतो. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या; गॅसच्या वरच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, कारण उष्णता, दमट हवा आणि उजेड यांनी औषधाची शक्ती घटते. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवताच, पोट रिकामे असताना घ्या. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून एका दिवसाच्या चुकीने मोठे काही बिघडत नाही, पण आठवड्यातून दोनदा चुकणाऱ्या गोळीचा परिणाम रिपोर्टात दिसतोच.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. आजवरचा ७५ मायक्रोग्रॅमचा डोस अर्धवट शोषणावर बेतलेला आहे. वेळ सुधारल्यावर तीच गोळी अधिक शोषली जाईल आणि कदाचित ती तुम्हाला जास्तही होईल. म्हणून वेळ बदलल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि सकाळच्याच वेळी. केसांसाठी बायोटिन (बी गटातले एक जीवनसत्त्व) असलेल्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा, कारण बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने डोस बदलण्याची भीती असते. केस गळतात म्हणून थायरॉईडच्या रुग्ण स्त्रिया अशा गोळ्या सर्रास घेतात, आणि डॉक्टरांना त्या सांगण्यासारख्या वाटत नाहीत.

आता डोसाकडे वळू. वजनासाठी डोस वाढवू नका. ही इच्छा नवी नाही. १८९५ साली बर्लिनमध्ये अ‍ॅडॉल्फ मॅग्नस-लेव्ही यांनी थायरॉईड ग्रंथीच्या सेवनाने शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो हे मोजून दाखवले, आणि तेव्हापासून निरोगी ग्रंथी असलेल्या माणसांनाही वजन उतरवण्यासाठी हे औषध देण्याचा मोह वैद्यकाला होत आला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत थायरॉईड, उत्तेजक द्रव्ये आणि लघवी वाढवणारी औषधे एकत्र करून रंगीबेरंगी गोळ्या विकल्या गेल्या आणि त्यांनी माणसे दगावली. आज थायरॉक्सिनच्या अमेरिकेतील माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा असतो की हे औषध लठ्ठपणासाठी किंवा वजन उतरवण्यासाठी वापरू नये. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिनने जे वजन उतरते त्यात स्नायूही झिजतात, हाडांतील खनिज घटते आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. तुमची पाळी थांबण्याचे वय फार दूर नाही, आणि त्या वयात हाडांची झीज तशीही वेग घेते; त्यात आपण होऊन भर घालण्यासारखे काही नाही.

तरीही "टीएसएच ३ आहे, तो १ वर आणला तर?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. अमेरिकेतील ओरेगॉन येथे नेमके हेच पाहिले गेले. थायरॉक्सिन घेणाऱ्या १३८ जणांचे डोस असे बदलले की कोणाचा टीएसएच मर्यादेच्या खालच्या भागात, कोणाचा वरच्या भागात, तर कोणाचा किंचित वाढलेला राहावा, आणि कोणाला काय दिले हे त्यांना कळू दिले नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटांच्या ऊर्जाखर्चात किंवा शरीररचनेत लक्षणीय फरक पडला नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी वाटते: रुग्णांना आपला डोस खरोखर वाढला की घटला हे ओळखता आले नाही, पण जो डोस त्यांना जास्त आहे असे वाटत होते तोच त्यांनी पसंत केला. तेव्हा टीएसएच ७.४ राहू लागला तर डोस जरूर वाढवावा, कारण तो उपचार अपुरा आहे, ३.१ असताना वजनासाठी वाढवू नये. थायरॉक्सिनच्या जोडीला टी-३ ची (थायरॉईडच्या दुसऱ्या हार्मोनची) गोळी घेतल्याने वजन उतरते, असेही अभ्यासांत सातत्याने दिसलेले नाही.

मग हे नऊ किलो कुठून आले? तुमचा दिनक्रम तुम्ही प्रामाणिकपणे लिहिला आहे आणि त्यात कुठेही अतिरेक नाही: सकाळी चहा-बिस्किटे, पोहे किंवा उपमा, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, चारला चहा आणि मूठभर फरसाण, रात्री भात-आमटी आणि एखादी पोळी. दिवसाला चार कप चहा. तेलाचा मात्र त्यात उल्लेख नाही, आणि तो कोणाच्याच दिनक्रमात नसतो, कारण तेल आपण खातो असे आपल्याला वाटतच नाही. म्हणून मी रुग्णांना वाण्याची यादी आणायला सांगतो. चार माणसांच्या घरात महिन्याला सहा लिटर तेल येत असेल तर माणशी रोज ५० मिलिलिटर पडते, म्हणजे सुमारे ४०० कॅलरी. तेच तेल चार लिटरवर आणले तर माणशी ३३ मिलिलिटर, सुमारे २७० कॅलरी. एकही पदार्थ न सोडता रोजच्या १३० कॅलरी कमी झाल्या, आणि त्या घरातल्या सगळ्यांच्याच. फोडणी पळीने मोजून घालायची आणि महिन्याचे तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवायचे, एवढाच बदल लागतो. कुठले तेल चांगले यावर घरोघरी खूप बोलले जाते. वजनाच्या दृष्टीने ते किती आहे याला आधी महत्त्व आहे.

चहाचेही असेच आहे. चार कपांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, सुमारे १६० कॅलरी. दोन कप आणि एक-एक चमचा केलात तर त्यांतल्या १२० वाचतात. मूठभर फरसाण ५० ग्रॅम भरते आणि त्यात अडीचशेहून अधिक कॅलरी असतात; त्या जागी ३० ग्रॅम फुटाणे घेतले तर शंभरच्या आसपास कॅलरी होतात आणि प्रथिनेही मिळतात. हे तीन बदल मिळून रोज सुमारे ४०० कॅलरींची तूट होते, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत महिन्याला साधारण दीड किलो. पुढे हा वेग मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराचा खर्चही कमी होतो. तसे झाले म्हणजे थायरॉईड पुन्हा बिघडला असे समजू नका. काट्याकडे आठवड्यातून एकदाच, सकाळी पाहा. पाळीच्या आधी पाण्यामुळे किलो-दीड किलो सहज वाढतो आणि उतरतो.

तुमच्या उपवासांविषयी लिहिताना मला जपून लिहायचे आहे, कारण त्यामागची श्रद्धा तुमची आहे आणि तिच्यात मी हात घालणार नाही. परंतु सोमवारी आणि गुरुवारी तुम्ही जी साबुदाण्याची खिचडी दोन वेळा खाता ती उपवास या शब्दाने मनात येते तितकी हलकी नाही. एका बशीत ७० ते ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप धरले तर ५०० कॅलरी होतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिने त्यात नावालाही नाहीत, आणि म्हणून तीन तासांत पुन्हा भूक लागते व बटाट्याचा कीस किंवा दाण्याचा लाडू पुढे येतो. आठवड्यातले दोन दिवस, म्हणजे वर्षातले शंभराहून अधिक दिवस, असे जातात. उपवास ठेवायचाच असेल तर दही, ताक, दूध, एखादे फळ, लहान रताळे, मूठभर शेंगदाणे आणि एका वेळेला राजगिऱ्याची भाकरी असे ताट करा. दिवसभर काही न खाता रात्री भरपेट सोडण्याचा उपवास मात्र टाळा. लांबलेल्या उपासमारीत शरीर टी-३ कमी बनवून खर्च आवरते आणि आठशे कॅलरींचे जाहिरातीतले आहार चालेनासे होतात ते काही अंशी यामुळेच.

प्रथिनांची उणीव तुमच्या रोजच्या ताटातही आहे. तुमच्यासारख्या व्यक्तीला दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत; तुमच्या दिनक्रमात ती मला पस्तीस-चाळीसच्या पुढे जाताना दिसत नाहीत. वाटीभर मोडाच्या मटकीची किंवा मुगाची उसळ डब्यात भाजीच्या जोडीला नव्हे, एका पोळीच्या जागी घ्या. आमटी पातळ न करता घट्ट वरणासारखी करा, रात्रीचा भात निम्मा करून तिथे वाटीभर दही घ्या. अंडी चालत असतील तर सकाळी दोन उकडलेली अंडी हा पोह्यांपेक्षा चांगला नाश्ता आहे, आणि मासे किंवा चिकन खाणाऱ्यांना तर काहीच अडचण नाही, फक्त रस्स्यावर येणाऱ्या तेलाच्या तवंगाकडे लक्ष असू द्या. प्रथिनांनी पोट अधिक काळ भरलेले राहते आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. ज्यांचे थायरॉईड काही काळ कमी राहिलेले असते त्यांचे स्नायू आधीच दुबळे झालेले असतात, म्हणून त्यांच्यासाठी हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

चालण्याने अपेक्षित फळ का मिळाले नाही, याचे उत्तरही आकड्यांत आहे. तुमच्या वजनाला साध्या वेगाने चाळीस मिनिटे चालल्यावर सुमारे दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एक कप गोड चहा व तीन बिस्किटे यांत ती भरपाई होते. तरीही चालणे सोडू नका. रक्तदाब, साखर, झोप आणि मन यांसाठी ते अमोल आहे, आणि उतरलेले वजन टिकवण्यासाठी तर ते लागतेच. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम सुरू करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन उचलणे, आणि शाळेचा जिना. टीएसएच ७ च्या वर असेल त्या काळात अंग दुखते आणि दम लवकर लागतो, तेव्हा जोर करू नका. गोळी बसल्यावर वाढवत न्या.

कोबी-फ्लॉवर पुन्हा सुरू करा. ही भाजी कच्ची, फार मोठ्या प्रमाणात आणि आयोडीन कमी असलेल्या आहारात खाल्ली तर थायरॉईडला अडथळा करते. शिजवलेली, आपल्या ताटातल्या प्रमाणात, आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात ती निर्धोक आहे. बाजरीच्या भाकरीविषयीही हेच म्हणेन. गव्हाचे पदार्थ बंद करण्याची गरज सीलिअ‍ॅक विकार (गव्हातले ग्लुटेन न सोसणे) असेल तरच असते. सैंधव मात्र साध्या मिठाच्या जागी घरभर वापरू नका, कारण त्यात बहुधा पुरेसे आयोडीन घातलेले नसते आणि घरातल्या वाढत्या मुलींना ते हवे असते. "थायरॉईड सपोर्ट" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि चूर्णे टाळा. अमेरिकेत अशा काही पूरक गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत प्रत्यक्ष थायरॉईडचे हार्मोन सापडले होते.

या उत्तराचा उपयोग आणखी दोन प्रकारच्या वाचकांना होईल. ज्यांचा टीएसएच ५ ते ८ च्या दरम्यान आहे, टी-४ (रक्तातले थायरॉक्सिन) व्यवस्थित आहे आणि वजन जास्त आहे, त्यांच्यात कारण आणि परिणाम अनेकदा उलटे असतात: वाढलेल्या वजनामुळे टीएसएच किंचित वर जातो आणि वजन उतरल्यावर आपोआप खाली येतो. अशांना केवळ वजनासाठी गोळी सुरू केल्याने फायदा होत नाही. आणि ज्यांचे थायरॉईड आधी जास्त होते व उपचारांनी आटोक्यात आले, त्यांचे वजन भराभर वाढते आणि त्यांना वाटते की औषधाने बिघडवले. आजारात गेलेले वजन परत येत असते, पण आजाराच्या काळात वाढलेली भूक आणि जेवणाची सवय मागे उरते. त्यांनी उपचाराच्या पहिल्या महिन्यापासून ताटावर लक्ष ठेवावे.

तुमच्या डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची चौकशी करा, कारण थकव्याचे सगळे खापर थायरॉईडवर फोडले जाते आणि रक्ताची कमतरता तशीच राहते. झोपेत जोरात घोरत असाल किंवा दिवसा डुलक्या येत असतील तर तेही सांगा. थायरॉईड कमी असलेल्यांत झोपेत श्वास अडखळण्याचा विकार अधिक आढळतो, आणि तो असताना वजन उतरवणे फार अवघड जाते. स्टिरॉइड, काही मनोविकारांची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचाही वजनाशी संबंध असतो. भारतीयांसाठी २३ च्या वरचा शरीरभार निर्देशांक (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, बीएमआय) जास्त आणि २५ पासून पुढचा लठ्ठपणा मानतात. तुमचा २९ आहे. ही चिंता वाढवण्यासाठी लिहिलेली गोष्ट नाही. ७१ मधले साडेतीन-चार किलो सहा महिन्यांत उतरले तरी साखर, रक्तदाब आणि चरबीचे आकडे सुधारू लागतात, म्हणून ६२ चा आकडा सध्या डोळ्यांसमोर ठेवू नका. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या किती वर आहे हे मात्र महिन्याला टेपने मोजत जा.

२०२५ पासून आपल्याकडे टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शने मिळू लागली आहेत, आणि थायरॉईड कमी असणे हे ती न घेण्याचे कारण नाही. स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर मात्र ती देत नाहीत. सेमाग्लुटाइडची तोंडाने घ्यायची गोळीही थायरॉक्सिनसारखीच रिकाम्या पोटी घ्यावी लागते आणि तिच्यामुळे थायरॉक्सिन अधिक शोषले जाते, त्यामुळे दोन्ही चालू असतील तर टीएसएच लवकर तपासावा. तुमच्या बाबतीत मी आधी सहा महिने गोळीची वेळ, तेल, चहा, उपवासाचे ताट आणि प्रथिने यांवर काम करीन, आणि त्यानंतरच या औषधांचा विचार करीन. ती बंद केल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, तेव्हा ताट बदललेले असणे त्यांच्यासोबतही लागतेच.

वजन पाच-सात किलोंनी उतरले की थायरॉक्सिनची गरजही थोडी घटू शकते, कारण पूर्ण डोस शरीराच्या वजनावर ठरतो, किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम. म्हणून त्या टप्प्यावर टीएसएच पुन्हा तपासून घ्या. मध्येच छातीत धडधड, हाताला कंप, झोप न लागणे किंवा न कळता वजन वेगाने उतरणे असे काही जाणवले तर आठ आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता रक्त तपासा आणि रिपोर्ट येताच तुमच्या डॉक्टरांना दाखवा.